इंजिन गेले म्हणून गाडी भंगारात?



‘जुन्या गाडीचे इंजिन गेले की ती थेट भंगारात द्यावी’ हा गेल्या अंकातील पत्राचा सल्ला घाईचा आहे. इंजिन गेले म्हणजे नेमके काय गेले?

हेड गास्केट उडाले असेल, तर बहुधा हेड उतरवून, घासून सपाट केले की गाडी पुन्हा धावते. टायमिंग बेल्ट तुटून व्हॉल्व वाकले, तरी बऱ्याचदा हेडपुरतेच काम निघते. तुंबलेल्या पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा स्टार्टर मारला, तर मात्र गोष्ट वेगळी: सिलिंडरमधले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. वेगळे इंजिन-संरक्षण घेतलेले नसेल, तर विमा कंपनी सहसा हात वर करते.

इंजिनाच्याही आधी पत्रा पाहावा. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत सांगाडाच गंजला असेल, तर इंजिनावर पैसे घालणे व्यर्थ.

कागदपत्रांचा हिशेब तर पत्रलेखकांनी धरलेलाच नाही. १५ वर्षांनंतर मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाले, आणि मुदत पाचच वर्षांची. वर पर्यावरण कर. दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवले, तर आरटीओची परवानगी आणि नव्या क्रमांकाची नोंद लागते. म्हणून भंगारवाल्याकडून पक्के बिल घेतल्याशिवाय असे इंजिन उचलू नये.

— एक वाचक, पनवेल