मापात पाप

तराजूला खालून चुंबक लावणारा दुकानदार सापडला तर आपण गल्ली डोक्यावर घेतो. संगणकाच्या बाबतीत मात्र ‘दुप्पट वेगवान’ एवढे वाचले की खिशात हात घालतो. कशावर मोजले, हे विचारत नाही.

१९८९ साली ‘स्पेक’ या संस्थेने संगणकांचा वेग मोजायला दहा प्रोग्रॅमचा संच काढला. त्यातल्या ‘मॅट्रिक्स ३००’चा ९९ टक्के वेळ एकाच ओळीत, मॅट्रिक्सच्या गुणाकारात जात होता. प्रोग्रॅमला यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. आयबीएमच्या सुधारित कंपायलरने हा गुणाकार लहान तुकड्यांत विभागला आणि वेग नऊपट झाला. यंत्र तेच, फक्त कंपायलर बदलला. तंत्र खरेच उपयोगी होते. पण त्या यंत्रावर दुसरेच काम करणाऱ्याच्या पदरात ती नऊपट पडणार नव्हती. १९९२च्या संचातून हा प्रोग्रॅम वगळला गेला.

वेग फुगण्याहून उत्तर बदलणे जास्त गंभीर. जीसीसी कंपायलरला ‘फास्ट-मॅथ’ची सूचना दिली की बेरजेचा क्रम बदलायची मुभा त्याला मिळते. शाळेत शिकलो, क्रम बदलला तरी बेरीज तीच. संगणकात तसे नसते, कारण तिथे संख्येचे साधारण सोळाच अंक टिकतात. एकावर सोळा शून्ये अशी संख्या घ्या, तीत १ मिळवा, मग तीच संख्या वजा करा. उत्तर येते ०. आधी वजाबाकी करा, उत्तर येते १.

असा गळून पडणारा अंश जपण्याची युक्ती विल्यम कहान यांनी १९६५मध्ये मांडली. फास्ट-मॅथमध्ये कंपायलर ‘बीजगणिताने हे शून्यच’ म्हणून नेमकी तीच पायरी पुसू शकतो. प्रोग्रॅम जोरात धावतो, कुठलीही चूक दाखवत नाही.

खेळातल्या चित्रांसाठी हे चालेल. पुलाचा भार किंवा औषधाची मात्रा काढताना चालणार नाही.

आपल्या घरातली मुले आज अभियांत्रिकीला आहेत. ‘माझा प्रोग्रॅम तिप्पट वेगवान’ असे ती सांगतील तेव्हा शाबासकी द्या, पण विचारा: कंपायलर कोणता, सूचना कोणत्या दिल्या, आणि उत्तर पूर्वीचेच आले का? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर वेगाचा आकडा वहीत लिहूच नये.