नावाची पाटी आणि बाजारातील पत

'ब्रँड' हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की, त्याला प्रतिशब्द शोधावा असे कुणालाही वाटत नाही. 'नाममुद्रा' हा शब्द आहे. परंतु तो पुस्तकातच राहिला. बाजारात रूढ झाला तो 'छाप' हा शब्द. वाचता न येणारा माणूससुद्धा दुकानात जाऊन घोडा छाप किंवा मोर छाप वस्तू मागत असे आणि त्याला हवी तीच वस्तू मिळत असे. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ याहून रांगडा आहे. गुरे ओळखता यावीत म्हणून त्यांच्या अंगावर तापल्या लोखंडाने जो डाग देत, तो ब्रँड. आपल्याकडील व्यापाऱ्यांनी छापेच्या जोडीला आणखी एक शब्द जपला, तो म्हणजे 'पत'. छाप व्यापाऱ्याला स्वतः उमटवता येते. पत मात्र इतरांनी मानावी लागते. इंटरनेटवर विनामूल्य मिळणाऱ्या साधनांच्या आधारे छोट्या व्यवसायाचे नाव उभे करण्याचा विचार करताना हे दोन शब्द वेगवेगळे ठेवणे उपयोगी पडते.

बेंगळूरूच्या सर्जापूर रोडवर, दोड्डकन्नेल्ली येथे, विप्रो या कंपनीचे मुख्यालय आहे. संगणक क्षेत्रातील या मोठ्या कंपनीचा जन्म बेंगळूरूत झालेला नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. साने गुरुजी ज्या गावी शिक्षक होते, त्या खानदेशातील अमळनेरला २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी तिची स्थापना केली. 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' असे तिचे लांबलचक नाव होते आणि तिचा माल होता वनस्पती तूप. ते 'सनफ्लॉवर' या नावाने विकले जाई. तेलाच्या उद्योगातून साबणही निघू लागला. त्याला '७८७' हे नाव दिले गेले. १९६६ मध्ये महंमद हाशम प्रेमजी यांचे निधन झाले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी शिक्षण अर्धवट सोडून अमेरिकेतून परतले. पुढे कंपनीचे नाव आखडत आखडत 'विप्रो' एवढेच उरले आणि १९८० च्या सुमारास ती संगणकांकडे वळली.

या इतिहासातील एक गोष्ट मला विशेष लक्षात घेण्यासारखी वाटते. अमळनेरातील अनेक कुटुंबांनी या कंपनीचे समभाग घेतले आणि पुढील पिढ्यांसाठी सांभाळून ठेवले. ज्या गावात कारखाना होता, जिथले लोक तिथे कामाला जात, त्या गावाला माल कसा बनतो हे डोळ्यांसमोर दिसत होते. जाहिरातीपेक्षा हे दिसणे मोठे होते. तुपाच्या डब्यावरचे सूर्यफूल नंतर गेले, कंपनीचे बोधचिन्ह बदलले, नावही बदलले. ज्यांनी विश्वास ठेवला होता त्यांचा विश्वास मात्र बोधचिन्हाबरोबर गेला नाही.

आता याच रस्त्याकडे दुसऱ्या बाजूने पाहू. इब्लूरपासून सर्जापूरपर्यंत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उंच इमारतींची रांग उभी राहिली. देशाच्या सर्व प्रांतांतून आलेली कुटुंबे तिथे राहतात. त्यांत मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत. अशा वस्तीत घरगुती डबा, दिवाळीचा फराळ, उकडीचे मोदक, शिवणकाम, शिकवणी असे असंख्य छोटे व्यवसाय चालतात. रस्त्यावर गाळा घेण्याचे भाडे त्यांना परवडणारे नसते. पूर्वी अशा व्यवसायाची कीर्ती शेजारणीच्या तोंडून पसरे आणि जिन्यापाशी थांबे. आज ती त्याहून दूर जाते, याचे श्रेय विनामूल्य साधनांना दिलेच पाहिजे.

ही साधने नेमकी काय करतात? गूगलच्या नकाशावर आपल्या व्यवसायाची नोंद करता येते. पडताळणी झाली की आपले नाव, वेळ, दूरध्वनी क्रमांक, छायाचित्रे आणि ग्राहकांचे अभिप्राय तिथे दिसू लागतात. घरून काम करणाऱ्या स्त्रीला घराचा पत्ता न दाखवता केवळ कोणत्या भागात आपण सेवा देतो एवढेच दाखवता येते. ही सोय फारशी कुणी वापरत नाही, पण ती फार मोलाची आहे. २०१८ मध्ये आलेल्या व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये वस्तूंची यादी किमतींसह मांडता येते, वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवता येतात आणि 'पैसे येणे बाकी', 'माल पोहोचला' अशा चिठ्ठ्या प्रत्येक ग्राहकाच्या नावावर लावता येतात. कॅनव्हासारख्या संकेतस्थळावर पत्रिका किंवा वेष्टनावरची चिठ्ठी स्वतः आखता येते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयने पैशांची देवघेव सोपी केली. या सर्वांसाठी एकेकाळी चित्रकार, छापखाना, पाटी रंगवणारा आणि मुनीम अशी चार माणसे लागत.

इथपर्यंत आनंदच आहे. तथापि साधने सोपी झाल्यामुळे कामाचा क्रम उलटा होऊ लागला आहे, असे माझे मत आहे. नवा उद्योग काढणारी व्यक्ती पहिला महिना बोधचिन्हाचा रंग ठरवण्यात घालवते. चकली कुरकुरीत होते की नाही हे दुसऱ्या महिन्यात कळते. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण अशाच प्रसंगासाठी आहे.

लिज्जत पापडाचा क्रम याच्या नेमका उलट होता. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी उसन्या घेतलेल्या ८० रुपयांवर पापड लाटण्यास प्रारंभ केला. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. आरंभी त्या दोन प्रतींचे पापड करीत. हलक्या प्रतीचे पापड स्वस्तात विकण्याचा त्यांचा विचार होता. त्यांना मार्गदर्शन करणारे छगनलाल पारेख यांनी सल्ला दिला की, एकच प्रत ठेवा आणि तिच्यात तडजोड करू नका. तो सल्ला त्यांनी मानला. 'लिज्जत' हे नाव त्यानंतर, १९६२ मध्ये आले, तेही एका स्पर्धेतून. स्पर्धेचे बक्षीस पाच रुपये होते. म्हणजे जवळजवळ तीन वर्षे पापड आधी विकला गेला आणि नाव मागाहून मिळाले. पाच रुपयांत नाव मिळवणाऱ्या या स्त्रियांना आजची विनामूल्य साधने दिली असती, तर त्यांनी ती उत्तम वापरली असती यात शंका नाही. परंतु एकच प्रत ठेवण्याचा निर्णय कोणत्याही साधनाने त्यांच्यासाठी घेतला नसता.

बेंगळूरूतीलच दुसरे उदाहरण 'आयडी' या इडली-डोशाच्या पिठाचे. पी. सी. मुस्तफा आणि त्यांच्या मावस-चुलत भावंडांनी २००५ मध्ये तिप्पसंद्रा भागात सुमारे ५० चौरस फुटांच्या जागेत हा उद्योग सुरू केला आणि आसपासच्या वीस दुकानांपुरते पीठ द्यायचे असे ठरवले. इडली आणि डोसा यांची आद्याक्षरे घेऊन बनवलेले नाव कुणालाही समजावून सांगावे लागत नाही. मला त्यात महत्त्वाची वाटते ती वीस दुकानांची मर्यादा. नकाशावर आणि इन्स्टाग्रामवर सारे शहर आपले ग्राहक आहे असा भास होतो. सर्जापूर रोडची वाहतूक ज्याने अनुभवली आहे त्याला गरम पुरणपोळी शहराच्या दुसऱ्या टोकाला पोहोचवण्याचे वचन किती धाडसाचे आहे हे सांगायला नको. कोणत्या तीन-चार वसाहतींपर्यंत आपण वेळेवर पोहोचू शकतो हे ठरवून तेवढेच जाहीर करणे शहाणपणाचे असते. पुण्यातील दुकानदार 'आमची कोठेही शाखा नाही' अशी पाटी लावतात, तिची आपण थट्टा करतो. पण त्या पाटीत मर्यादेलाच प्रतिष्ठा दिलेली असते, हे नाकारता येत नाही.

परप्रांतात व्यवसाय करणाऱ्या मराठी माणसापुढे आणखी एक प्रश्न असतो, तो भाषेचा. व्यापारी आस्थापनांच्या नामफलकावर साठ टक्के भाग कन्नडमध्ये असावा, असा कायदा कर्नाटकाने २०२४ मध्ये केला. काहींना तो जाच वाटतो. मला त्यात व्यापारी हितच दिसते. आपली चकली आणि कर्नाटकातील चक्कुली या दिसायला बहिणी. पण चक्कुलीत तांदळाच्या पिठाचा भर असतो, तर आपल्या चकलीला तांदूळ आणि डाळी भाजून दळलेली भाजणी लागते. पुरणपोळी आणि होळिगे यांचेही तसेच. छायाचित्रात हा फरक मुळीच दिसत नाही. भाजणी म्हणजे काय, हे वस्तूंच्या यादीत दोन ओळी कन्नडमध्ये लिहिल्यावाचून समजणार नाही. या दोन ओळी शेजारच्या कन्नड गृहिणीकडून तपासून घेतल्या, तर कदाचित पहिली ग्राहकही तीच होईल. मराठी माणसांच्या गटातच माल विकत राहिलो तर व्यवसाय गणेशोत्सवात वाढतो आणि दिवाळीनंतर झोपतो.

आता या साधनांची दुसरी बाजू. ज्या वाटेने कीर्ती पसरते त्याच वाटेने अपकीर्तीही पसरते, आणि तिला खर्च तितकाच, म्हणजे शून्य येतो. २०२१ मध्ये 'आयडी'च्या पिठात गुरांच्या हाडांचा वापर होतो अशी खोटी अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून देशभर फिरली. कंपनीला खुलासे द्यावे लागले, पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार करावी लागली. मोठी कंपनी हे करू शकते. घरगुती व्यवसायाजवळ अशा वेळी पूर्वीचे ग्राहकच साक्षीला असतात. म्हणून नातेवाइकांकडून स्तुतीचे खोटे अभिप्राय लिहवून घेण्याची जी चाल पडली आहे, ती मला घातक वाटते. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले, यावरूनच हा रोग किती पसरला होता याची कल्पना येते. 'मोदकाची पारी जाड होती' अशी तक्रार आणि तिच्याखाली सभ्य शब्दांत दिलेले उत्तर, हे पन्नास खोट्या स्तुतींपेक्षा वाचणाऱ्याला अधिक खरे वाटते.

याहून गंभीर गोष्ट अशी की, विनामूल्य जागा आपल्या मालकीची नसते. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये बंद झाले. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि तिथे चाहते जमवलेल्या विक्रेत्यांची मेहनत एका रात्रीत गेली. बंदी योग्य होती की नाही हा वेगळा प्रश्न. नकाशावरील नोंदीबरोबर गूगल छोट्या व्यवसायांना साधे संकेतस्थळही विनामूल्य देत असे; मार्च २०२४ मध्ये ती सोय काढून घेण्यात आली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी तर फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप ही तिन्ही सुमारे सहा तास जगभर बंद पडली होती. ज्यांची सर्व मागणी एकाच फोनमध्ये होती त्यांना त्या संध्याकाळी कुणाला काय द्यायचे हेही कळले नसेल. यात कुणाचा दुष्टावा नाही. दुसऱ्याच्या ओसरीवर दुकान मांडले की ओसरीचा मालक सांगेल तेव्हा उठावे लागते, एवढाच याचा अर्थ.

यावर उपाय जुनाच आहे: वही. ग्राहकाचे नाव, क्रमांक, त्याला काय आवडले, कोणत्या सणाला तो काय मागवतो, हे त्याच्या संमतीने वहीत लिहून ठेवावे. ती वही कोणतीही कंपनी बंद करू शकत नाही. जमाखर्चाची वहीही सोबत हवी. जुलै २०२५ मध्ये यूपीआयवर जमा झालेल्या रकमांच्या आधारे कर्नाटकाच्या विक्रीकर खात्याने हजारो लहान व्यापाऱ्यांना नोटिसा पाठवल्या, तेव्हा बेंगळूरूतील काही दुकानांवर 'फक्त रोख' अशा पाट्या झळकल्या. वर्षाला ४० लाखांपेक्षा अधिक उलाढाल असलेल्या माल-विक्रेत्याला, आणि २० लाखांपेक्षा अधिक उलाढाल असलेल्या सेवा-व्यवसायाला, जीएसटीची नोंदणी करावी लागते. घरखर्चासाठी पतीने पाठवलेले पैसे आणि फराळाचे पैसे एकाच खात्यात पडत असतील, तर नोटीस आल्यावर त्यांतील फरक सिद्ध करणे अवघड जाते. स्वतंत्र खाते उघडण्यास काही फार कष्ट पडत नाहीत.

राहता राहिले नाव. विनामूल्य साधनांवर नाव लिहिले म्हणजे ते आपले झाले, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार नाव नोंदवल्यावर ते दहा वर्षांसाठी संरक्षित होते आणि पुढे नूतनीकरण करता येते. एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गामागे ४५०० रुपये शुल्क आहे. ही रक्कम आरंभी जड वाटली, तर अर्ज काही काळ लांबवता येईल. पण ते नाव आधीच कुणी घेतले आहे का, हे व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही विनामूल्य पाहता येते. 'अन्नपूर्णा' किंवा 'गृहिणी' यांसारखे सर्वांना सुचणारे नाव मनात असेल, तर हा शोध पिशव्या छापायला देण्याआधीच घ्यावा.