सहल सगळ्यांची, पिशव्या कुणाच्या?

मैत्रिणींनो, सुट्टी लागली की घरोघरी महाबळेश्वरचा बेत ठरतो. “घरची गाडी आहे, वाटेत हवं तिथं थांबू,” असं यजमान म्हणतात आणि आपण पुऱ्या लाटायला घेतो.

आमची गेल्या वर्षीची सहल अशीच झाली. पुण्याहून निघालो. वाईचा ढोल्या गणपती, मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा, पाचगणीचं टेबललँड, महाबळेश्वरचे पॉइंट आणि प्रतापगड, सारं दोन दिवसांत उरकलं! पुढं धाकटीनं शाळेत सहलीवर निबंध लिहिला. त्यात होतं, ‘प्रतापगडावर आई आली नाही. ती गाडीत पिशव्या राखत बसली होती.’ वाचून पोटात कालवलं हो! पण पोरीनं खोटं काय लिहिलं होतं?

यंदा रस्ता तोच धरला, बेत मात्र मी आखला. तुम्हांलाही उपयोगी पडेल म्हणून सांगते.

पहिलं, घाट. वाई सोडली की पसरणीचा घाट लागतो, तो थेट पाचगणीपर्यंत. मुलांना वळणांचा त्रास होत असेल तर निघताना साधी पोळी-भाजी द्या. तुडुंब जेवण नको आणि उपाशी पोटही नको. गाडीत पुस्तक, मोबाइल हातात देऊ नका, समोरचा लांबचा डोंगर बघायला सांगा. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि निघण्याआधी. जुना टॉवेल व चार-सहा पिशव्या हाताशी असू द्या.

दुसरं, सामान. प्रत्येकाची पिशवी वेगळी. त्यात ज्याचा त्याचा स्वेटर, पाण्याची बाटली, पंचा. जो तो आपली सांभाळील. खाण्याला तिखटमिठाच्या पुऱ्या आणि कोरडी चटणी पुरे. बाकीचं वाटेत मिळतं.

तिसरं, थांबे. दिवसाला दोनच. आम्ही पॉइंटांची धावपळ सोडली आणि क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात निवांत बसलो. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री ही नावं मुलांनी तिथं पाठ केली.

आणि शेवटी प्रतापगड. महाबळेश्वरहून सुमारे २४ किलोमीटर, आंबेनळी घाटानं. भर पावसात मात्र हा रस्ता धरू नका, दरडी कोसळतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना पायऱ्या झेपत नाहीत. मी यजमानांना म्हटलं, “गेल्या वर्षी मी बसले, यंदा तुम्ही आईंजवळ बसा.” ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “जा, सावकाश ये. आम्ही चहा घेतो.”

१६५६ साली बांधलेला गड. १० नोव्हेंबर १६५९ ला याच गडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा वध झाला, हे चौथीत घोकलेलं. पण भवानीमातेचं दर्शन घेऊन बुरुजावर उभी राहिले, पदर वाऱ्यानं उडू लागला, खाली कोकणच्या बाजूचं रान दिसलं, तेव्हा वाटलं, हे सगळं मी बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा बघतेय! धाकटीनं माझा हात घट्ट धरला होता.

तेव्हा पुढच्या सहलीला आधी पिशव्यांची वाटणी करा, मग पुऱ्या लाटायला घ्या. बघा करून!