पट कमी कोणी केला?

परवा येळवसला माहेरी गेले होते. (येळवस म्हणजे वेळ अमावस्या. पुण्या-मुंबईच्या मंडळींनी एकदा तरी धाराशिवकडे येऊन शेतात कोपीपुढे बसून भज्जी-आंबील खावी, म्हणजे आम्ही त्यासाठी एवढा प्रवास का करतो ते कळेल!) दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर चहा घेत बसले होते. पारापाशी पिवळी व्हॅन आली, हॉर्न वाजला आणि टाय लावलेली लेकरं कोंबून ती कळंबला निघून गेली. त्यात माझे दोन भाचेही होते.

मागे राहिली जिल्हा परिषदेची शाळा आणि तिची सतरा मुलं. त्यातली निम्मी तर आजीकडे ठेवलेली. आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे गेलेले, ते मार्च-एप्रिलशिवाय परत येत नाहीत.

"सतरा लेकरांसाठी दोन मास्तर कशाला पोसायचे?" दादा म्हणाला, आणि माझं डोकं फिरलं.

कारण हेच सरकारही म्हणतं, फक्त जरा शुद्ध भाषेत. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात तेव्हा चौदा हजारांहून जास्त होत्या. त्या जवळच्या एका मोठ्या शाळेत आणायच्या. नमुना म्हणून पानशेत आणि तोरणमाळ दाखवले. ओरड झाल्यावर "शाळा बंद करणार नाही" असा खुलासाही झाला. पण पट मोजून शिक्षक कमी करत गेलं की शाळेला टाळं लावायची गरजच उरत नाही. ती आपोआप बंद पडते.

आता दुसरी बाजू. एका खोलीत एकच गुरुजी चार वर्ग सांभाळतात, त्याला चांगलं शिक्षण म्हणायला मीही तयार नाही. मुलांना सवंगडी हवेत, विषयाला शिक्षक हवेत, मैदान हवं. सगळं कबूल. पण मोठ्या शाळेपर्यंत पोचायचं कसं?

शिक्षण हक्काचा नियम आहे: पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. हे अंतर कोणी उगाच ठरवलेलं नाही. सहा वर्षांचं लेकरू चालू शकेल एवढं ते आहे. गाडी देऊ म्हणतात. आमच्या रस्त्यावर ओढा आहे, आणि ओढ्याला पाणी आलं की गाडी अलीकडेच थांबते. सप्टेंबर २०२५ मध्ये याच जिल्ह्यात, परंडा तालुक्यात, पुरात अडकलेल्या लोकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं होतं.

आणि अंतर वाढलं की आधी कोण गळतं, हे मला कुठल्या अहवालात वाचायची गरज नाही. चौथीत आम्ही नऊ मुली होतो. पाचवीची शाळा साडेतीन किलोमीटरवर. पाचवीला गेलो तिघी. मी गेले, कारण अण्णा सायकलवर सोडायचे. उरलेल्या सहाजणींत माझ्यापेक्षा हुशार दोघी होत्या. त्यांची लग्नं माझ्या दहावीच्या आत झाली.

सरकारने वाचवलेला पगार हवेत विरत नाही हो. कोणीतरी तो भरतंच. इथे तो त्या सहाजणींनी भरला.

आता मुळात पट कमी झाला कसा? गावात जन्म कमी झाले, लोक शहरात गेले, हे खरंच. पण २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदाही सरकारनेच केला. एका हाताने खाजगी शाळांना परवानग्या द्यायच्या आणि दुसऱ्या हाताने जिल्हा परिषदेच्या शाळेतली डोकी मोजायची!

हे सगळं मी दादाला ऐकवलं. त्याने शांतपणे विचारलं, "ताई, तुझी पोरं कुठं शिकली?"

पुण्यात. इंग्रजी शाळेत. व्हॅननेच जायची.

गप्प बसले. पट आपण कमी केला, मंडळी. ज्यांच्या शब्दाला गावात वजन आहे त्यांनी आपली पोरं काढून घेतली, तेव्हा शाळेसाठी भांडणारं माणूसही निघून गेलं. उरलेल्या सतराजणांचे आईबाप फडात आहेत. ते कुठल्या ग्रामसभेत बोलणार?

म्हणून मागणी साधी आहे. आधी ओढ्यावर पूल करा, बारमाही गाडी सुरू करा, ती दोन वर्षं चालवून दाखवा, ऊसतोडीला गेलेल्यांच्या लेकरांना गावातच राहायची-जेवायची सोय करा. मग समूह शाळेचं बोला. तोवर ते दोन मास्तर तिथेच राहू द्या.

निघताना शेजारच्या आजी भेटल्या. नात तिसरीत. शाळा हलली तर काय करणार, विचारलं.

"काय करायचंय माय? ओढ्यापल्याड न्हाई धाडायची. ऱ्हाईल घरी."

दादाही तिथेच उभा होता. पुढच्या ग्रामसभेला जातो म्हणालाय. बघू.