अकरावा कोसंबी, सत्ताविसावा कोसंबी

गेल्या रविवारी माझी भाची बोरिवलीहून दादरला गाडी बदलून मुलुंडला आली आणि आल्या आल्या लॅपटॉप उघडून बसली. चहा पुढे केला तर हातही लावेना.

"मावशी, पेपर परत आला."

ती भातावर संशोधन करते. खाऱ्या जमिनीत कुठलं वाण तग धरेल, असा काहीसा विषय आहे. दोन वर्षं राबून लिहिलेला पहिलाच लेख. मला वाटलं, कुणा तज्ज्ञाने चुका काढल्या असतील. पण लेख कुणी वाचलाच नव्हता! संदर्भ आमच्या पद्धतीनुसार नाहीत, एवढ्याच अर्थाचं उत्तर दोन दिवसांत आलं होतं.

माझी उभी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली, त्यामुळे असली कामं घरात माझ्याकडेच येतात.

ज्यांचा या भानगडीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शास्त्रीय लेखात दुसऱ्या कुणाचं काम वापरलं की तिथे तसा उल्लेख करायचा आणि शेवटी यादी द्यायची. एका पद्धतीत कंसात नाव आणि साल देतात. तिला हार्वर्ड पद्धत म्हणतात. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांनी १८८१ साली बिनशंखाच्या गोगलगाईवरच्या लेखात तसे कंस वापरले होते. दुसरी पद्धत आकड्यांची. १९७८ साली वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक कॅनडातल्या व्हँकूव्हरला जमले, त्यावरून तिचं नाव व्हँकूव्हर. यात लेखात जो उल्लेख आधी येतो तो यादीत पहिला. आणि मग या दोन घराण्यांच्या असंख्य शाखा. आद्याक्षरांपुढे टिंब हवं की नको, नियतकालिकाचं नाव पूर्ण की तोडून, साल नावामागे की शेवटी... प्रत्येकाचा सोवळ्याचा नियम वेगळा.

भाचीची यादी कंसवाली, सेहेचाळीस नोंदींची. ती आकडेवाली करायची होती. आदल्या रात्री वैतागून तिने अख्खी यादी एआयला दिली होती आणि त्याने दोन मिनिटांत ती देखणी करून दिली होती. मी फक्त एकदा नजर टाकायची होती.

टाकली. अकराव्या क्रमांकावर कोसंबी, १९४३. सत्ताविसाव्या क्रमांकावर पुन्हा कोसंबी, १९४४. नियतकालिक तेच, खंड तोच बारावा, पानंही तीच १७२ ते १७५.

"अगं, हा एकच लेख आहे ना?"

एकच होता. कोसंबी म्हणजे आपले दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या कोसबेंचे. आपण त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो, पण ते मूळचे गणिती. पुण्याला फर्ग्युसनमध्ये शिकवत असताना त्यांनी हा चार पानी लेख लिहिला. गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती लांब आहेत याचा अंदाज बांधायचं सूत्र त्यात आहे. भातापासून गव्हापर्यंत जनुकांचे नकाशे करणारे लोक आजही ते वापरतात. या लेखाचं साल कुठे १९४३ छापलेलं दिसतं, कुठे १९४४.

मग भाचीच्या यादीत दोन्ही कशी आली? तिने एक नोंद एका लेखाच्या यादीतून उचलली होती, दुसरी दुसऱ्याच्या. मूळ चार पानं तिने उघडलीच नव्हती.

माझा संशय बळावला. म्हटलं, आता एकेक नोंद उघडून बघू. दुपारची झोप गेली. अडतिसाव्या नोंदीला गाडी अडली. लेखक खरे, नियतकालिक खरं, पण त्या खंडात त्या पानावर भलताच लेख. दिलेल्या शीर्षकाचा लेख कुठेच नाही. जुन्या यादीत पाहिलं तर तिथे नुसतं नाव आणि साल होतं, बाकी जागा रिकामी. एआयने ती रिकामी जागा आपल्या मनाने भरून टाकली होती. अगदी टिंबं-स्वल्पविरामांसकट, निर्दोष!

भाचीचा चेहरा उतरला. तिच्या लेखातलं एक महत्त्वाचं वाक्य त्याच संदर्भावर उभं होतं.

मला पुन्हा कोसंबीच आठवले. १९३१ साली त्यांनी एक प्रमेय डी. बूर्बाकी नावाच्या रशियन गणितज्ञाच्या नावावर दाखवून लेख छापला होता. असा माणूसच नव्हता. आंद्रे वेल या त्यांच्या फ्रेंच मित्राने सुचवलेली ती थट्टा होती, एका सहकाऱ्याला चिमटा काढण्यासाठी. पुढे वेल आणि त्यांच्या मित्रांच्या गटाने बूर्बाकी हेच सामूहिक टोपणनाव घेतलं आणि ते जगभर गाजलं. पण कोसंबींना ठाऊक होतं की आपण थाप मारतोय. यंत्राला ते ठाऊक नसतं, आणि आपण तपासलं नाही तर आपल्यालाही नसतं.

याच कोसंबींच्या वाट्याला उलटाही अनुभव आला. १९४३ मध्येच त्यांनी मांडलेली एक गणिती रीत पुढे कारुनेन आणि लोएव्ह या दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाली. अलीकडे काही जण आधी कोसंबींचं नाव लावतात. एक संदर्भ द्यायचा राहिला की माणसाचं श्रेय असं वर्षानुवर्षं अडकून पडतं.

म्हणून माझं मत असं. पहिल्यांदा लेख पाठवताना कुठलीही एक नीट पद्धत चालायला हवी. काही प्रकाशक ती चालवून घेतात, बाकीच्यांनीही घ्यावी. टिंबांसाठी तरुण पोरांचे आठवडे घालवू नयेत. ते काम झोटेरोसारखी फुकट साधनं चोख करतात. पण यादी म्हणजे हमाली, असंही समजू नये. यादीवरून कळतं की आपण काय वाचलंय आणि काय वाचल्यासारखं केलंय. मांडणी यंत्राला द्या. मूळ लेख मात्र स्वतः उघडा, आणि उघडता आला नाही तर तो संदर्भ देऊ नका.

"पण मावशी, ते वाक्य काढलं तर परिच्छेदच पडतो."

"मग पडू दे."

ती बराच वेळ गप्प बसली. रागावली असावी. मग तिने ते वाक्य खोडलं आणि त्या जागी स्वतःच्या प्रयोगातून जेवढं दिसलं तेवढंच लिहिलं. वाक्य आधीपेक्षा लहान झालं, पण तिचं झालं. कोसंबींची चार पानं तिने तिथेच बसून वाचली, अर्ध्याहून अधिक कळली नाहीत म्हणाली. चालायचंच.

यादी आता चव्वेचाळीस नोंदींची आहे. लेख पुन्हा पाठवलाय. बघू या काय होतं ते.

तेवढ्यात चहा मात्र दोनदा गरम करावा लागला.