टिपवर टॅक्स नाही म्हणे!

मंडळी, ४ जुलै २०२५ रोजी अमेरिकेत टॅक्सच्या एका भल्यामोठ्या कायद्यावर सही झाली, आणि त्यातली एकच गोष्ट आमच्या नातेवाइकांपर्यंत पोचली. टिपवर आता टॅक्स नाही! पुण्याच्या मावशीपासून न्यू जर्सीच्या मेव्हण्यापर्यंत सगळ्यांनी माझं अभिनंदन करून टाकलं. कारण सगळ्यांना ठाऊक आहे की आठवड्याचे पाच दिवस मी डेन्व्हरमध्ये कॉम्प्युटरपुढे बसतो, आणि डिसेंबर ते एप्रिल दर शनिवार-रविवार डोंगरावर जाऊन लोकांच्या पोरांना स्की शिकवतो. अभिनंदनाबद्दल आभार. पण ही सूट चुकीच्या माणसाला मिळाली आहे असं माझं स्पष्ट मत आहे. चुकीच्या म्हणजे मला.

आधी नियम काय आहे ते सांगतो, कारण "टॅक्स नाही" हे अर्धंच खरं आहे. २०२५ ते २०२८ या चार वर्षांत, दरवर्षी जास्तीत जास्त २५,००० डॉलरपर्यंतची टिप फेडरल इन्कम टॅक्सच्या उत्पन्नातून वजा करता येते. कोणत्या कामांत टिप द्यायची पद्धत आहे याची सरकारने यादी केली, त्यात खेळ शिकवणारेही आले. टिप गिऱ्हाइकाने स्वखुशीने दिलेली हवी, रोख किंवा कार्डावर. बिलात आपोआप लागलेला सर्व्हिस चार्ज चालत नाही. कुणी खूश होऊन वाइनची बाटली दिली तर तीही चालत नाही! एकट्या माणसाचं उत्पन्न दीड लाख डॉलरच्या वर गेलं की सूट हळूहळू कमी होत जाते. आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५ टक्के? ते टिपवरही पूर्वीसारखेच कापले जातात.

आता हिशोब करू. समजा एक मुलगी आहे, लग्न झालेलं नाही. पूर्ण सीझन स्नोबोर्ड शिकवते, उन्हाळ्यात मिळेल ते काम करते. वर्षाचे सगळे मिळून १८,००० डॉलर, त्यातले ४,००० टिपचे. २०२५ची स्टँडर्ड वजावट १५,७५० डॉलर. उरले २,२५०. त्यावर १० टक्के, म्हणजे २२५ डॉलर टॅक्स. नव्या सवलतीने तो शून्य झाला, तिचे २२५ वाचले. पण त्याच ४,००० टिपवर सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ३०६ डॉलर तिने भरलेच.

आता माझ्यासारखा माणूस घ्या. ऑफिसच्या पगारामुळे तो २२ टक्क्यांच्या टप्प्यात बसतो. त्यालाही टिप ४,०००च मिळाली. त्याचे किती वाचले? ८८० डॉलर! उतार तोच, बर्फ तोच, रडणारी पोरं तीच, टिपही तेवढीच. ज्याचं पोट यावर चालत नाही त्याला जवळजवळ चौपट सूट.

आणि लिफ्टवर दिवसभर गारठत उभा राहून लोकांना खुर्चीत बसवणारा मुलगा? त्याला टिप कोण देतो? त्याचीही वर्षाची कमाई १८,०००च असेल, तर तो मात्र २२५ डॉलर टॅक्स भरणार. का? तर त्याची सगळी कमाई पगाराची म्हणून!

"अरे, काहीच नसण्यापेक्षा बरं की," असं मला ऐकवलं जातं. नाही हो, बरं नाही. मोठ्या रिसॉर्टमध्ये पूर्ण दिवसाच्या खाजगी शिकवणीला हजार डॉलरहून जास्त मोजावे लागतात. शिकवणाऱ्याच्या हातात त्यातला लहानसा वाटा येतो, बाकीचं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. उद्या कुणी पगारवाढ मागितली की "तुमची टिप तर आता टॅक्स-फ्री आहे" हे उत्तर तयार. म्हणजे पगार द्यायची जबाबदारी मालकाची, आणि ती टाळायची किंमत भरणार सरकारी तिजोरी. मला तरी ही शिकवणाऱ्यापेक्षा रिसॉर्टला दिलेली सूट वाटते.

आणि खरी मेख तर पुढेच आहे. बूट, स्की, हेल्मेट आपलं आपण घ्यायचं. इन्स्ट्रक्टरांची जी राष्ट्रीय संघटना आहे, पीएसआयए-एएएसआय, तिची वर्गणी आणि परीक्षांची फी बऱ्याचदा स्वतःच भरायची. नोकरदाराला असा खर्च पूर्वी काही अटींवर तरी वजा करता यायचा. २०१७च्या कायद्याने २०१८पासून ते बंद केलं, पण निदान २०२५पर्यंतच. २०२५च्या कायद्याने, होय, याच कायद्याने, ते कायमचं बंद केलं. टिपवरची सूट चार वर्षांची, आणि कामाच्या हत्यारांवरची सूट कायमची गेली. याची बातमी कुठल्याच मावशीपर्यंत पोचली नाही.

मेव्हण्याचा मुद्दा वेगळाच. "रोख टिप घेतली तर कळतंय कुणाला?" नियम असा आहे की एका नोकरीत महिन्याला २० डॉलर किंवा जास्त टिप मिळाली, तर पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मालकाला कळवायची. कायदा बाजूला ठेवा, व्यवहारच बघा. जी टिप कळवलीच नाही ती सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनच्या हिशोबात धरली जात नाही. घर भाड्याने घेताना उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही, आणि स्की-गावांतली भाडी काय आहेत ते विचारूच नका. लपवलेला पैसा गरिबाला म्हातारपणी महागात पडतो.

मला विचाराल तर मागण्या साध्या आहेत. कमी उत्पन्नावरचा टॅक्स कमी करायचा असेल तर सरळ करा, मग पैसे टिपचे असोत की पगाराचे. कामासाठी घेतलेल्या बुटांचा आणि परीक्षांचा खर्च वजा करू द्या. आणि हजार डॉलरच्या शिकवणीतून शिकवणाऱ्याला नीट पगार द्या.

असो. इकडे बर्फात खेळायला याल तेव्हा इन्स्ट्रक्टरला टिप जरूर द्या, तिचा त्याला खरोखर उपयोग होतो. फक्त तिच्यामुळे त्याचं भागतं असं समजू नका. आणि वाचकांत कुणी टॅक्सच्या धंद्यातले असतील, तर माझा हिशोब तपासून सांगा.