न निघालेला काटा

नाताळ म्हणजे रोषणाई आणि केक, एवढीच या सणाची ओळख आपल्या घरांतून असते. परंतु गव्हाणीत निजविलेल्या बालकाला प्रभू मानणाऱ्या या धर्मातील दुबळेपणाविषयीचा विचार प्रत्येक भाविकाने मनन करावा असा आहे.

संत पौलांनी आरंभी ख्रिस्तभक्तांचाच छळ केला. पुढे तेच ख्रिस्ताचा संदेश घेऊन देशोदेशी हिंडले. ग्रीसमधील करिंथच्या मंडळीस इ. स. ५५-५६ च्या सुमारास लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात ते आपल्या देहातील एका काट्याचा उल्लेख करतात. ते दुखणे कोणते, हे त्यांनी सांगितलेले नाही. ते दूर व्हावे म्हणून त्यांनी तीनदा प्रभूची विनवणी केली. काटा निघाला नाही. मात्र माणसाचे बळ जेथे सरते तेथेच ईश्वरी सामर्थ्य प्रकटते, असा बोध त्यांना झाला.

येथे भागवतातील गजेंद्राचे सहज स्मरण होते. त्यानेही स्वतःची शक्ती संपल्यावरच हरीचा धावा केला. पण गजेंद्र सुटला, पौलांचा काटा तसाच राहिला. हा फरकच आम्हांस मोलाचा वाटतो. नवस फळला नाही म्हणजे देव रुसला, हे पूर्वसंचिताचेच फळ, असे म्हटल्याने घरातील आजाऱ्याचे दुःख दुणावते. दुखणे टिकले म्हणून कृपा आटत नाही, हे पौलांनी अनुभवले. औषधोपचार अवश्य करावेत. परंतु देवापुढे हात जोडताना व्याधिमुक्तीबरोबरच ती सोसण्याचे बळही मागावे. ते मागण्यात कमीपणा नाही.